आधी पट्टा पाहावा



दरवर्षी या पानावर आम्ही निकाल, उपस्थिती आणि फी यांविषयी चार शब्द लिहितो, आणि ते चार शब्द फारसे कोणी वाचत नाही हेही आम्हांला ठाऊक आहे. या वेळी मात्र समुद्राविषयी लिहायचे आहे. नर्मदेचे पाणी नळाने पिणाऱ्या इंदूरकराने समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात, ही थोडी गंमतच. पण शेवटी गोष्ट आपल्या शाळेच्या पटांगणावरच येऊन थांबणार आहे, तेव्हा जरा धीर धरावा. आणि हो, 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. सारे शिक्षण हिंदीतून झाले, 'हम'ची सवय लागली, ती मराठीत 'आम्ही' होऊन उतरली. यात मोठेपणा काही नाही.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्या लेकीने आम्हांला मालवणला नेले. ती पाण्याखाली पोहायला आधीच शिकलेली. तिचा आग्रह असा, की बाबांनी निवृत्त होण्याआधी एकदा समुद्राचा तळ पाहावा. लहानपणी महेश्वरच्या घाटावर नर्मदेत पोहायला शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर आम्ही 'हो' म्हटले. डॉक्टरांकडून छाती, कान आणि रक्तदाब तपासून घेतला, प्रमाणपत्र घेतले आणि तारकर्लीच्या एका प्रशिक्षण केंद्रात दाखल झालो. पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलो म्हणा ना!

पहिला धडा तरण तलावातच असतो. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजने, तोंडात रेग्युलेटर. भरलेली टाकी सोळा-सतरा किलोची. ती अंगाला ज्या पट्ट्यांनी बांधतात त्यांना हार्नेस म्हणतात. 1943 साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे आजच्या धर्तीचे उपकरण तयार केले, तेव्हाही टाकी पाठीवर पट्ट्यांनीच बांधावी लागली होती. उपकरणे पुष्कळ सुधारली, पट्ट्यांचे काम मात्र आजही पट्टेच करतात.

केंद्रातले जाकीट आमच्या मापाचे निघाले नाही. तेव्हा प्रशिक्षकाने स्वतःचा जादा हार्नेस आणून दिला. हा प्रशिक्षक मालवणचाच, पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण. आम्ही शिक्षक आहोत असे कळल्यापासून तो आम्हांला 'गुरुजी' म्हणू लागला होता. त्याचा हार्नेस अगदी साधा. पाठीवर बसणारी स्टीलची एक प्लेट आणि तिच्या खाचांतून ओवलेला, दोन इंच रुंदीचा, एकच सलग पट्टा. तो मानेमागून निघून दोन्ही खांद्यांवर येतो, छातीवरून उतरून काखेखालून पुन्हा प्लेटच्या खालच्या खाचांत शिरतो आणि तिथून कमरेला वळसा घालून पोटावर बकलात अडकतो. शिवाय आणखी एक पट्टा दोन पायांमधून पुढे येतो. तो पाहून आम्हांला आखाड्यातल्या लंगोटाची आठवण झाली. तो नसेल तर सगळा हार्नेस पाण्यात वर सरकतो आणि टाकी डोक्याला लागते.

आम्ही पाण्यात उतरलो. प्रशिक्षकाने सांगितलेले काम सोपे होते. पालथे आडवे व्हायचे, हात छातीशी बांधायचे, पाय हलवायचे नाहीत आणि दहा सेकंद नुसते तरंगत राहायचे. आम्ही पाचव्या सेकंदाला डावीकडे कलंडलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा डावीकडेच. प्रशिक्षक समोर येऊन तळहात डावीकडे झुकवून दाखवी, म्हणजे 'तुम्ही तिरके आहात'. आम्ही अंग ताठ करून उजवीकडे जोर लावत असू. अर्धा तास हे चालले. वर आलो तेव्हा लेकीच्या टाकीचा काटा 140 वर होता आणि आमचा 90 वर. दोघांच्याही टाक्या 200 बारच्या दाबाने भरलेल्या. आमची निम्म्याहून अधिक हवा सरळ राहण्याच्या खटपटीत गेली होती.

प्रशिक्षक म्हणाला, "गुरुजी, डाव्या बाजूक कलंडतास."

आम्हांला राग आला. खरे सांगायचे तर लाज वाटली, आणि लाज वाटली की राग लवकर येतो. तोंडातून रेग्युलेटर काढून आम्ही हिंदीतच म्हणालो, "अरे, सीधा ही तो हूँ!"

तो बिचारा हसला. म्हणाला, "तुमी वाकडे नाय, गुरुजी. पट्टो वाकडो आसा. तुमी तेका आंगान सरळ करूक बघतास."

पुढची पाऊण तास त्याने जे केले ते आम्ही शिक्षकाच्या नजरेने पाहिले. आधी त्याने टाकी पाहिली. ती प्लेटवर मधोमध आहे का, आणि तिला धरणारा पट्टा भिजवून मग आवळला आहे का? नायलॉनचा पट्टा कोरडा आवळला तर पाण्यात सैल पडतो आणि टाकी सरकते. टाकी ठीक होती. मग शिशाची वजने मोजली. दोन्ही बाजूंना सारखी होती. मग त्याने सगळे सामान उतरवले, हार्नेस टेबलावर पालथा घातला, पट्ट्याला कुठे पीळ पडला आहे का हे बोटांनी चाचपून पाहिले आणि खांद्याचे दोन्ही भाग वरच्या खाचेपासून खालच्या खाचेपर्यंत टेपने मोजले. डावा भाग उजव्यापेक्षा दोन इंच लांब निघाला! आधी कोणीतरी वापरताना सैल केला होता, तो तसाच राहिला होता.

विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. डावा पट्टा सैल, म्हणून प्लेट डावीकडे उतरली, तिच्याबरोबर टाकी मधल्या रेषेवरून ढळली. जमिनीवर उभे असताना पाय हे सांभाळून घेतात. पाण्यात पायाखाली काही नसते. तिथे उत्प्लावन बल वर ढकलते (महाराष्ट्रातली मुले त्याला प्लावक बल म्हणतात, आम्ही हिंदीतले म्हणतो), वजन खाली ओढते, आणि वजन मधल्या रेषेवर नसेल तर अंग गोल फिरते. हा नियम आम्ही पंचवीस वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवला. स्वतः कलंडलो तेव्हा मात्र दोष आपल्या अंगाचा आहे की पट्ट्याचा, हे पाहण्याची बुद्धी झाली नाही.

त्याने पट्टा दुमडून मध्य काढला, खडूने खूण केली आणि ती खूण वरच्या दोन खाचांच्या मधोमध आणली. दोन्ही खांदे टेपने अगदी सारखे केले. छातीवरच्या दोन्ही डी-रिंग एका उंचीवर आणल्या. आम्ही समाधानाने म्हणालो, "झाले सरळ!"

तो म्हणाला, "टेपार सारख्या झाला, गुरुजी. आता आंगार होऊक व्हया."

आणि खरेच, वेटसूटवर हार्नेस चढवून पाण्यात गेलो तर या वेळी किंचित उजवीकडे झुकलो. पट्टे सारखे, वजने सारखी, तरी तिरके! त्याने आम्हांला काठावर उभे केले आणि मागून आमचे खांदे पाहिले. आमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. आयुष्यभर उजव्या खांद्याला पिशवी अडकवून शाळेत गेलो, त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल. आरशात रोज पाहूनही हे आम्हांला कधी दिसले नव्हते. त्याने उजवा पट्टा बोटभर आवळला. चार बोटे पट्ट्याखालून सहज सरकतात का ते पाहिले. हात मागे नेऊन टाकीची तोटी आम्हांला गाठता येते का ते पाहिले, कारण पाण्याखाली तीच वेळेला उपयोगी पडते. पायांमधला पट्टा जरा सैल केला, तो फार आवळला की खांदे खाली ओढले जातात. मग म्हणाला, "आता जावा."

आम्ही आडवे झालो, हात बांधले. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस. कुठेही झुकलो नाही. काहीही न करता सरळ होतो.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ सहा-सात मीटर खोल गेलो. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात बांधून घेतलेल्या त्या किल्ल्याचा तट आजवर चित्रात पाहिला होता. आता त्याच्या पायथ्याच्या पाण्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आमच्या काचेपाशी येऊन आम्हांला पाहून जात होते. हवा चांगली पुरली. ते वर्णन सवडीने वर्गात सांगू. आमचे मन त्या दिवशी माशांमध्ये कमीच होते. आदल्या दिवशी तोंडातून निघालेले ते वाक्य आम्ही कुठेतरी ऐकले होते, आणि कुठे, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले होते.

आता पटांगणावर येऊ.

आपल्या शाळेत तेव्हा आठवीत एक विद्यार्थी होता. त्याच्या आणि त्याच्या आई-वडिलांच्या परवानगीने हे लिहीत आहोत. नाव लिहिणार नाही, आणि ओळखले तरी कोणी त्याला विचारू नये, ही विनंती. प्रार्थनेच्या रांगेत त्याचा डावा खांदा नेहमी खाली असे. सहावीपासून आम्ही त्याला टोकत होतो. "सरळ उभा राहा" हे वाक्य त्याने आमच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. सातवीत असताना एकदा तो म्हणाला, "सर, सीधा ही तो खड़ा हूँ." तेच वाक्य! त्या दिवशी आम्हांला तो उद्धटपणा वाटला. त्याला एक तासिका कार्यालयाबाहेर उभे केले. 26 जानेवारीच्या संचलनाच्या यादीत त्याचे नाव दोन वर्षे आले आणि दोन्ही वर्षे आम्हीच आमच्या पेनाने ते कापले. कारण एकच, रांग वाकडी दिसते.

आम्हांला त्या वाक्याचा राग यायला अर्ध्या तासाचे कलंडणे पुरले होते. त्याने तीन वर्षे ऐकून घेतले होते.

सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी आम्ही त्याला दप्तरासकट बोलावले. तो घाबरूनच आला. दप्तर टेबलावर पालथे घातले, पट्टे मोजले. डाव्या पट्ट्याचे बकल तुटलेले होते, आईने तिथे गाठ मारली होती, आणि डावा पट्टा उजव्यापेक्षा चांगला चार बोटे लांब होता. आम्हांला वाटले, सापडले! खजुरी बाजारातून वह्या-पुस्तकांबरोबर घेतलेले ते दप्तर तसे मजबूत होते. शिपाईदादांनी कोपऱ्यावरच्या मोच्याकडून नवे बकल बसवून आणले, दोन्ही पट्टे सारखे केले. आठवड्याने प्रार्थनेला पाहिले तर खांदा होता तिथेच.

मालवणला गेलो नसतो तर आम्ही इथे थांबलो असतो. पट्टा सारखा करून दिला, आता तरी सरळ उभा राहा, असे म्हणून पुन्हा टोकायला लागलो असतो. पण 'टेपवर सारखे' आणि 'अंगावर सरळ' यांतला फरक ताजा होता. त्याच्या वडिलांना बोलावले, हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितले, आणि सोबत आम्हीही गेलो. डॉक्टरांनी त्याला पुढे वाकायला लावून पाठीचा कणा पाहिला, मग सरळ उभे करून डाव्या पायाखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवत गेले. दीड सेंटिमीटर झाले आणि कंबर सपाट झाली. कंबर सपाट होताच खांदाही वर आला. डावा पाय उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटर आखूड होता, बस, इतकेच. कणा ठीक होता. डाव्या बुटाला उंची देण्यास सांगितले.

डॉक्टरांच्या खोलीत मुलाने आमच्याकडे पाहिले नाही. आम्हीच त्याच्याकडे पाहू शकत नव्हतो, असे म्हणणे अधिक खरे. तो तीन वर्षे खरोखर सरळच उभा होता. त्याच्या पायांवर जितके सरळ उभे राहता येते, तितका.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावून आम्ही त्याची क्षमा मागितली. "माझे चुकले" हे शब्द प्राचार्यांच्या खुर्चीवर बसून म्हणता आले नाहीत, म्हणून उठून उभे राहिलो, आणि तिथे 'आम्ही' चालले नसते म्हणून 'माझे'च म्हणालो. तो म्हणाला, "कोई बात नहीं, सर," आणि वर्गात निघून गेला. जानेवारीत, 2024 च्या संचलनासाठी, आम्ही त्याचे नाव स्वतः यादीत लिहिले. क्रीडाशिक्षकांनी त्याला विचारले. त्याने नम्रपणे नाही म्हटले. "अब मन नहीं है, सर." आम्ही आग्रह केला नाही. बुटाला दीड सेंटिमीटर लावता येते. कापलेली दोन वर्षे मात्र परत कशी लावायची, ते आम्हांला कोणी शिकवलेले नाही.

हे सर्व इतके दिवस लिहिण्याचे धैर्य झाले नाही. आज लिहितो ते दोन कारणांसाठी.

पहिले कारण पालकांसाठी. 1993 साली यशपाल समितीने मुलांच्या पाठीवरच्या आणि मनावरच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला. 2020 च्या शासकीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. वजनाबद्दल आपण बोलतो, पट्ट्यांबद्दल बोलत नाही. आज संध्याकाळी मुलाचे दप्तर रिकामे करून टेबलावर पालथे घाला. पट्ट्यांना पीळ असेल तर काढा, दोन्हींची लांबी टेपने मोजून सारखी करा. जड पुस्तके पाठीकडच्या कप्प्यात ठेवा. मग दप्तर मुलाच्या पाठीवर चढवा, दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर. ते कमरेच्या फार खाली लोंबू नये. आता मागे उभे राहून पाहा आणि मुलाला चालायला सांगा. टेप सारखा म्हणेल. अंग काय म्हणते तेही पाहा. दप्तर काढल्यावरही खांदा किंवा कंबर एका बाजूला उतरलेली दिसली, तर मुलाला न रागावता डॉक्टरांना दाखवा.

दुसरे कारण आमच्या शिक्षक बंधू-भगिनींसाठी, आणि सर्वांआधी आमच्यासाठी. अक्षर वाकडे, रांग वाकडी, उत्तर वाकडे, असे दिवसभरात आपण कितीदा म्हणतो. त्या मालवणी तरुणाने आम्हांला एकदाही 'सरळ व्हा' म्हटले नाही. त्याने टाकी पाहिली, वजने पाहिली, पट्टा पाहिला आणि सगळ्यांत शेवटी आमचे खांदे पाहिले, तेही दोष द्यायला नव्हे, पट्टा त्यांच्या मापाने आवळायला. आम्हां सर्वांची पदवी त्याच्यापेक्षा मोठी आहे. तरी ही रीत त्याच्याकडून घ्यावी.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रार्थनेनंतर पहिली ते आठवीच्या सर्व वर्गांत दप्तर तपासणी होईल. वजनकाटा, टेप आणि खडू शाळेचे. मोचीदादांनाही त्या दिवशी शाळेतच बोलावले आहे. बकल, शिवण जे लागेल ते करून देतील, खर्च शाळा करील. पालकांनी सवड काढून यावे. आणि त्या दिवशी एखादे मूल म्हणाले, "सीधा ही तो खड़ा हूँ," तर त्याचे म्हणणे आधी खरे धरावे, मग टेप काढावा.

असो. फीबद्दलची सूचना मागच्या पानावर आहे.

आपले,
प्राचार्य